उकळलेल्या पाण्याची माय

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याचे डोंगर अगदी हाताशी आल्यासारखे वाटतात तिथल्या एका गावात देवीला उकळलेल्या पाण्याचा नैवेद्य असतो. पुरणपोळी नाही, नारळ नाही, कोंबडं तर नाहीच. पाणी. तेही चांगलं खळखळ उकळलेलं, मग गार केलेलं, वर पांढरं फडकं झाकलेलं. शेजारच्या गावचे लोक यावरून थट्टा करतात. "तुमनी देवीले बारा महिने ताप ऱ्हास का?" असं विचारतात. गावकरी हसून सोडून देतात, पण बेबाबाई सोडत नाही. एकदा चोपड्याच्या एसटीत एका बाईनं हीच थट्टा केली, तर बेबाबाई तिच्याशी भांडता भांडता स्वतःचा थांबा चुकवून पुढच्या गावाला जाऊन उतरली. परत पायी आली आणि येतानाही तोंड चालूच होतं, असं पाहिलेले सांगतात.

बेबाबाईची साठी उलटून गेली आहे. जन्म केळीच्या बागांत गेला, मजुरीत. केळीच्या चिकानं पडलेले डाग तिच्या लुगड्यावरून कधी गेले नाहीत आणि आपलं तेच खरं हा हेकाही कधी गेला नाही. नवरा लवकर गेला. मुलगा आकाश सुरतेला कापडाच्या गोदामात आहे. घरात बेबाबाई आणि सून सारिका. दोघींचं बरं चालतं, कारण सारिका मुळातच कमी बोलते आणि बेबाबाईला तेवढं पुरतं.

मायचं थान, म्हणजे तिचं देवस्थान, नाल्याच्या काठी निंबाच्या झाडाखाली आहे. कमरेपर्यंत येईल असा उभा दगड, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर, इतका जाड की दगड कुठे संपतो ते कळत नाही. वरच्या अंगाला चांदीचे दोन डोळे बसवलेले. ही बाळंतिणींची माय. बेबाबाईची सासू धुरपदाबाई तिचं सगळं पाहायची. मरताना तिनं ते सुनेच्या पदरात टाकलं आणि नियमही सांगितले. माय गोरी आहे. पांढरं नेसते. हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय ती बाळंतिणीला हात लावू देत नाही. तिला रक्त चालत नाही. आणि पाणी उकळल्याशिवाय चालत नाही.

गाव तिला नुसतं माय म्हणतं. तिचं पुरतं नाव रोजमाय. रोज पाणी लागतं म्हणून रोजमाय, असं धुरपदाबाईनं सांगितलेलं. पण हे नाव येता-जाता तोंडात घ्यायचं नसतं. पुरुषांना तर ते सांगतच नाहीत. बाईला कळा सुरू झाल्या की दुसऱ्या बाईनं तिच्या कानाला तोंड लावून ते नाव घ्यायचं, तेवढ्या एका वेळेसाठी ते राखून ठेवलेलं. बेबाबाईच्या कानात ते धुरपदाबाईनं घेतलं होतं आणि आकाश झाला होता.

सारिकाच्या कानात ते दोनदा घेऊन झालं होतं. दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. आता तिला आठवा महिना लागला होता. चोपड्याच्या डॉक्टरीणबाई सगळं ठीक आहे म्हणत होत्या. पण त्या आधीही तसंच म्हणाल्या होत्या, म्हणून बेबाबाईनं मायला नवस बोलून ठेवला होता. पोर जगलं तर सारिका पाच वर्षं स्वतःच्या हातानं पाणी वाहील. तोवर सारिका रोज सकाळी सासूच्या मागे चालत थानावर जायची, दगडाला पाठ टेकून घटकाभर बसायची आणि परत यायची. आधीच्या दोन्ही खेपांना ती तिथं गेली नव्हती, माहेरी होती; बेबाबाई कळांच्या वेळी तेवढी तिकडे पोचली होती. बेबाबाईच्या मते चूक तिथंच झाली होती.

अशात चुडामणनं घोळ घातला. चुडामण म्हणजे बेबाबाईच्या दिराचा मुलगा. तो केळीचे घड भरलेली ट्रॉली नाल्याकडून वळवत होता. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं असं बेबाबाईचं म्हणणं, आणि नव्हतं असं त्याचं. ट्रॉलीचा कोपरा मायला घासला आणि शेंदराचा परातीएवढा टवका उडाला. खाली काळा, गुळगुळीत घडीव दगड निघाला आणि त्यावर खोदलेली दोन अक्षरं. मराठी नव्हती, इंग्रजीही नव्हती.

चुडामणनं आधी मायच्या पाया पडून माफी मागितली आणि मग फोटो काढला. तो फोटो गावाच्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठे कुठे गेला. कुणी म्हणालं मोडी आहे, कुणी म्हणालं पाली, एकानं तर खजिन्याची खूण आहे म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून बेबाबाई हातात काठी घेऊन थानाशी बसू लागली. खजिन्याच्या नावानं कोण काय करेल याचा भरवसा तिला नव्हता.

तिच्या या पहाऱ्यातच एक दिवस भाड्याची गाडी आली. तिच्यातून एक उंच म्हातारा गृहस्थ उतरला, डोक्यावर छोटी गोल टोपी. त्याच्यामागून पांढऱ्या केसांची एक गोरी बाई उतरली, सत्तरीची असेल. बाईनं दगडाकडे पाहिलं, जमिनीवरून एक खडा उचलला आणि हळूच मायच्या डोक्यावर ठेवला. बेबाबाईनं तितक्याच हळूच तो उचलला आणि नाल्यात भिरकावला.

"कोन तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी झिराडकर," म्हातारा म्हणाला. "ठाण्याहून आलो. या हाना. इंग्लंडहून आल्यात."

झिराडकर म्हणजे आपलाच माणूस, असं वाटून बेबाबाईनं काठी खाली ठेवली. "कोन लोक तुम्ही? पाटील का?"

"आम्ही यहुदी. आमचं मूळ कोकणातलं. शनिवारी आमचा घाणा बंद असायचा, म्हणून तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणायचे."

"तेली का मंग," बेबाबाईचा जीव भांड्यात पडला. "आमना गावमा बी तेली शेतस. बसा. चहा ली ये रे चुडामण," तिनं गाडी बघायला आलेल्या पुतण्याला सांगितलं.

झिराडकर बसले, पण घोळ तसाच राहिला. त्यांनी तो तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवून पाहिला. आपण वीज मंडळातून निवृत्त झालो. आता आपल्या लोकांची जुनी कबरस्तानं शोधत हिंडतो. फार वाईट अवस्था आहे, कुठे थडग्याच्या दगडावर धुणं धुतात, कुठे तोच दगड गोठ्याला पायरी म्हणून बसवलेला. हा फोटो पाहिला आणि ओळखलं. ही दोन अक्षरं आमच्या थडग्यांवर असतात. त्यांचा अर्थ, इथे पुरलं आहे.

बेबाबाईनं मान हलवली. एवढा भला माणूस, तेली, आणि चुकीच्या गावात आला याचं तिला वाईट वाटत होतं. "ते दुसरीकडे ऱ्हाई, भाऊ," ती समजावून म्हणाली. "हाई मनी माय शे."

"ही कबर आहे, बाई," झिराडकर तितक्याच समजुतीनं म्हणाले. "या दगडाखाली माणूस आहे."

चहा आला. चुडामणनं कप पुढे केला, पण बेबाबाईला तो घ्यायचं सुचलं नाही. पोटुशी बाई मसणाच्या वाटेनंसुद्धा जात नाही, तिथला वारासुद्धा लागू देत नाहीत. आणि आपण सुनेला रोज इथं आणून बसवत होतो, दगडाला पाठ टेकून. गावातल्या कितीतरी पोरींना तिनं असंच आणलं होतं. आपल्या हातून हे काय होत आलं? तिनं काठी उचलली आणि घरी निघून गेली. घरात शिरण्याआधी ओट्यावर बसून पाय धुतले, मग तोंड धुतलं, मग पुन्हा पाय धुतले.

"काय व्हयनं, मामी?" सारिकानं विचारलं. सासूला ती मामीच म्हणायची.

"काही नही. उद्यापाईन तू थानवर येवानं नही."

"काबं?"

"नही म्हनस ना."

दुसऱ्या दिवशी पाणी न्यायचं की नाही, इथपासून घोळ सुरू झाला. न न्यावं तर माय कोपेल. न्यावं तर मढ्याला पाणी पाजल्यासारखं होईल, आणि तेही पोटुशी असलेल्या घरातून. बेबाबाईनं पाणी उकळलं, गार केलं, फडकं झाकलं आणि मग वाटी हातात धरून दारातच उभी राहिली. शेवटी ती कौतिकनानांकडे गेली. नाना गावातले सगळ्यात म्हातारे. त्यांना ऐकू कमी येतं, पण विचारलं की उत्तर देतात.

नानांकडे झिराडकर आणि ती गोरी बाई आधीच येऊन बसलेली. चोपड्याच्या लॉजवर राहिले होते, सकाळीच आले. बाईची पाण्याची बाटली संपली होती आणि ती नानांच्या सुनेनं दिलेल्या तांब्याकडे बघत झिराडकरांना काहीतरी विचारत होती.

"काय म्हंती ती?" बेबाबाईनं विचारलं.

"पाणी उकळलेलं आहे का, विचारतात. त्यांना साधं बाधतं."

बेबाबाईच्या हातात वाटी होती. ती मायसाठी होती, पण तहानलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं तेही तिला कळेना. तिनं वाटी पुढे केली. बाईनं फडकं बाजूला केलं, पाणी पिऊन टाकलं आणि हात जोडले. चला, आजच्या पाण्याचा प्रश्न तरी परस्पर सुटला, असं बेबाबाईला वाटलं आणि लगेच असं वाटल्याचा धसकाही बसला.

मग बाई बोलू लागली आणि झिराडकर मराठीत सांगू लागले. तिच्या वडिलांच्या घरची माणसं ऐंशी वर्षांमागे मारली गेली. यहुदी म्हणून. आई, बाप, दोन बहिणी, आजा, काका, सगळी. गाडीत भरून परमुलखात नेली, एका जंगलात मोठे खड्डे खणले, काठावर उभं केलं आणि गोळ्या घातल्या. तिचे वडील तेव्हा लहान होते. आईबापांनी त्यांना आधीच पोरांच्या आगगाडीत बसवून इंग्लंडला धाडलं होतं, म्हणून तेवढे वाचले. हाना ते जंगल बघून आली होती. पाइनची झाडं आहेत, एक पाटी आहे. पाटीवर किती माणसं मारली तो आकडा आहे, पण एकाचंही नाव नाही. आणि कडेची माती उकरलेली होती. कसली ते तिनं विचारलं, तेव्हा कळलं की लोक अजून तिथं खणतात. मेलेल्यांच्या दातांतलं सोनं सापडेल म्हणून.

नानांना हे मोठ्यानं पुन्हा सांगावं लागलं. "दातमानं सोनं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"वडिलांची थोरली बहीण मात्र आधीच नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात आली होती," झिराडकर म्हणाले. "नवरा डॉक्टर, ती नर्स. सातपुड्याखाली कुठल्याशा दवाखान्यात होती आणि इथंच तापानं गेली, एवढंच घरात माहीत. नवरा पुढे कुठे गेला कुणाला कळलं नाही. पण तिला रीतसर पुरलं असणार, वर नाव लिहून. सगळ्या घरादारात नावाची एकच कबर असेल तर ती हिची. हानाबाई तीच शोधतायत."

"मंग हाईच कशावरून?" बेबाबाईनं विचारलं. प्रश्न भांडणाचा होता, पण आवाज तिला भांडणाचा काढता आला नाही.

"तेच तर. शेंदूर काढल्याशिवाय कळणार नाही. उकरायचं काही नाही, बाई. आमच्यात कबर हलवत नाहीत. ते मेलेल्या माणसाचं कायमचं घर. फक्त दगड वाचायचा आहे. पण तुम्ही हो म्हणाल तरच."

सगळे बेबाबाईकडे बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिच्या होकारावर अडलं होतं आणि नेमका तो होकार तिला सापडत नव्हता. "नाना, आते मी काय करू?"

"गडवरनी मायना शेंदूर काढाच ना," नाना म्हणाले. सप्तशृंगीच्या गडावर देवीचा जुना शेंदूर उतरवला तेव्हा आतून निघालेलं मूळ रूप सगळ्या खानदेशानं डोळे भरून पाहिलं होतं. "तठे काय कमी व्हयनं?"

"तठे मायमाईन मायच निंघनी, नाना. आठे मढं निंघनं ते?"

नानांनी कानामागे हात धरून प्रश्न पुन्हा ऐकला. "ते मले नही समजत," ते म्हणाले.

शेवटी बेबाबाईनंच वाट काढली. मायलाच विचारायचं, कौल लावायचा. ओल्या दगडाला दोन फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. हा तोडगा झिराडकरांना फारसा पटलेला दिसला नाही. आमच्यात दगडाला विचारत नाहीत, असं ते पुटपुटले. पण हानाला त्यांनी समजावून सांगितलं, तर ती लगेच उठली.

थानावर नानाही आले, चुडामणही येऊन उभा राहिला. बेबाबाईनं कोपरापर्यंत हात धुतले. उघड्या पडलेल्या काळ्या जागेकडे बघायचं तिनं टाळलं. डोळे तेवढे पाहिले. ते होते तसेच होते. फुलं ओली केली आणि मग ती अडली. कौल मागायचा तर कुणाच्या नावानं मागायचा ते मायला सांगावं लागतं.

"तिनी आत्यानं नाव काय?" तिनं झिराडकरांना विचारलं.

त्यांनी हानाला विचारलं. हाना दगडाकडे बघत म्हणाली, "रोझा. रोझा मायर."

बेबाबाईच्या हातातली फुलं खाली पडली. ती वळली ती थेट चुडामणकडे. "कोनी सांगं इले?"

"काय?"

"मायनं नाव. कोनी सांगं?"

"काकू, मले सोताले माहीत नही ते नाव," चुडामण म्हणाला, आणि ते खरंच होतं. पुरुषाला ते माहीत असायचं कारणच नव्हतं. बेबाबाईनं सगळ्या गावातल्या बायका मनात एकेक करून उभ्या केल्या. कोण फितूर झाली असेल? पण या बाईला मराठीचा एक शब्द येत नाही. मग हिच्या कानात कुणी काय सांगितलं, आणि कोणत्या भाषेत?

"काय झालं?" झिराडकर विचारत होते. ते तिला सांगता येईना, कारण नाव घ्यायची ही वेळ नव्हती, घरात पोटुशी होती आणि समोर पुरुष उभे होते. तिनं हानालाच पुन्हा म्हणायची खूण केली. हानानं पुन्हा म्हटलं. बेबाबाईनं आणखी एकदा म्हणायला लावलं. तेच. थोडं बोबडं, शेवटाला एक नको असलेला र, पण तेच. सासूनं कानात घेतलेलं, तिनं सुनेच्या कानात घेतलेलं.

मग बेबाबाई पुढे झाली. हाना उंच होती, तिला खांद्याला धरून खाली वाकवावं लागलं. कळा देणाऱ्या बाईला धरतात तसं तिचं डोकं तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि कानाला तोंड लावून म्हणाली, "रोजमाय."

हाना तशीच वाकून राहिली. मग तिनं बेबाबाईचं मनगट घट्ट धरलं आणि ती रडायला लागली. बेबाबाईलाही रडू आलं. आपण का रडतोय ते तिला धड सांगता आलं नसतं. माय गेली म्हणून, की माय सापडली म्हणून. इतकी वर्षं आपण एका परक्या बाईला नावानं हाक मारत होतो आणि तिला ती ऐकू जात होती की नाही, काहीच कळत नव्हतं. झिराडकरांना हानानंच इंग्रजीत सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि निंबाच्या बुंध्याशी जाऊन बसले.

कौल लावायचा राहूनच गेला. बेबाबाईनं घरून गोडं तेल आणि लाकडी उलथनं मागवलं. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. तेलानं शेंदूर भिजवायचा, मऊ झाला की उलथन्यानं उचलायचा, फडक्यानं पुसायचं. निघालेला शेंदूर ती केळीच्या पानावर गोळा करत होती. डोळ्यांच्या वर ती गेली नाही. डोळ्यांपाशी आल्यावर थांबून तिनं हानाकडे पाहिलं, तर हानानं मान हलवली. झिराडकर काही बोलणार होते, पण हाना म्हणाली, "डोळे राहू देत." ते त्यांनी मराठीत सांगितलं. नंतर हळूच पुस्ती जोडली की आमच्यात असं नसतं, पण असो.

दुपार कलेपर्यंत डोळ्यांच्या खालची अक्षरं मोकळी झाली. वरची झिराडकरांनी वाचली, ती त्यांची देवाघरची भाषा होती, हिब्रू. खालची इंग्रजीसारखी दिसत होती, पण ती हानाच्या वडिलांची भाषा, जर्मन. हानानं बोट फिरवत वाचलं. रोझा मायर. मग बोट आणखी एका शब्दावर गेलं आणि तिथंच राहिलं. ती खाली मातीत बसली.

"काय लिखेल शे?" बेबाबाईनं विचारलं.

झिराडकरांनी दोनदा विचारून खात्री केली. "रोझा मायर आणि मूल," ते म्हणाले. "बाळंतपणात गेली असणार. हानाबाईंच्या घरी कुणालाच हे माहीत नव्हतं. ताप, एवढंच कळवलं होतं."

बेबाबाई दोन पावलं मागे सरली. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, हे तिला शाळेत न जाताही ठाऊक होतं. अशा बाईचा जीव बाळंतिणींच्या भोवती घुटमळतो, दुसरीचं मूल नेतो. लहानपणी याच भीतीनं ती रात्री अंगणात येत नसे. आणि माय तर बाळंतिणींना तारते. मघाशी कबर आणि देवी यांचा मेळ तिला कसाबसा लागत आला होता. आता हे. एकाच दगडाखाली तारणारी आणि मारणारी कशी असेल? सारिकाची दोन गेली ती कुणामुळे? आकाश जगला तो कुणामुळे? ती डोळ्यांकडे बघत राहिली, पण ते नेहमीसारखेच वटारलेले होते, त्यांवरून काही कळेना.

हानानं एक खडा उचलून दगडावर ठेवला. या वेळी बेबाबाईनं तो फेकला नाही. आमच्यात फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात, म्हणजे कुणी येऊन गेलं असं कळतं, असं झिराडकरांनी सांगितलं. मग ते उभे राहून मेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हणू लागले. त्याला खरं तर आमचे दहा पुरुष लागतात, पण इथे मी एकटाच, असं ते आधीच म्हणाले होते. चुडामण आणि नाना उगाच त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी गाडी गेल्यावर बेबाबाई घरी आली तेव्हा सारिका ओट्यावर वाट बघत होती. गावभर झालंच होतं, अर्धं तिच्या कानावर आलं होतं.

"ती बाई कोन व्हती, मामी?"

खोटं सांगायचं बेबाबाईनं वाटेतच ठरवलं होतं. आठव्या महिन्यातल्या पोरीला हे कुणी सांगतं का? ती पाय धूत बसली, धुतले तेच पुन्हा धुतले आणि मग तिला खोटं आठवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. जंगलातले खड्डे, पाटी, दातातलं सोनं, पाणी पिणारी गोरी बाई, नाव, आणि शेवटी दगडावरचा तो एक शब्द. "आते मले काहीच समजत नही, पोरी," ती म्हणाली. "तू तठे जाऊ नको. मी तुले त्या दगडले टेकाडं, मनीच चूक व्हयनी."

सारिकाचा हात पोटावर होता.

"मामी," तिनं विचारलं, "पोऱ्या व्हता का पोर?"

हे बेबाबाईनं विचारलंच नव्हतं. नाही, विचारलं होतं, चुडामणनं. "लिखेल नही," ती म्हणाली. "त्यास्नी भाषामा नुसतं मूल म्हंतस. पोऱ्या का पोर, समजत नही. कोन्हालेच माहीत नही."

सारिकानं मान हलवली आणि आत गेली.

सकाळी बेबाबाई उठली तेव्हा चूल पेटलेली होती आणि पाणी उकळून, उतरवून ठेवलेलं होतं. शेजारी मायची नेहमीची पितळी वाटी भरून, फडक्यानं झाकलेली. तिच्या बाजूला आणखी एक वाटी होती, चांदीची, अगदी लहान. पहिल्या खेपेला आकाशनं सुरतेहून बाळासाठी आणली होती ती. चार वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होती, तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. तिच्यातही पाणी भरलं होतं, वर रुमालाचा पांढरा तुकडा झाकला होता.

"हाई कोनले?" बेबाबाईनं विचारलं.

"तिना बाळले," सारिका म्हणाली. "त्याले कोनी पानी देयेलच नही."

तिनं चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. तिला अडवावं की नाही, बेबाबाईला काही केल्या सुचेना. तिनं पितळी वाटी उचलली. लहान वाटीसाठी दुसरा हात पुढे केला, पण ती सारिकानं दिली नाही. ती तिनं स्वतःच धरली.